हळू आवाजातले ‘नको’

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा ट्रे आहे. कारखान्यात पत्रा दाबून मला घडवले आणि मी थेट एका हॉटेलात आलो. तिथल्या एका वेटरच्या डाव्या तळहातावर माझी एकवीस वर्षे गेली. सगळे त्यांना काका म्हणत.

काकांना कुणाचे ताट रिकामे बघवत नसे. ‘नको’ म्हणणाऱ्याला तर ते हमखास वाढत. पाहुणे खूश होत, काकांचे कौतुक करत. मलाही मिरवल्यासारखे वाटे.

एका दुपारी एक इंग्रज बाई आपल्या मुलीबरोबर आल्या. काकांना कामापुरते इंग्रजी येत होते. बाई हसून हळूच म्हणाल्या, “बदाम नसले तर बरं होईल. तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर.”

काकांना वाटले, आवडत नसतील. जेवणात त्यांनी बदाम टाळलेही. पण शेवटी आपल्यातर्फे म्हणून त्यांनी आइस्क्रीम मांडले. आचारी म्हणाला, “काका, यात बदामाची पूड आहे.”

“पूडच ना? तुकडा दाताखाली आला तर नकोसं वाटतं. पूड कळणारही नाही.”

ते आइस्क्रीम मीच टेबलापर्यंत नेले, मित्रांनो.

दोन चमचे पोटात गेले आणि बाईंचे ओठ सुजले. श्वास घरघरू लागला. मुलीने पर्स माझ्यावर उपडी केली, पण ॲलर्जीवरचे इंजेक्शन मुक्कामावरच राहिले होते. मालकांनी रुग्णवाहिका बोलावली. काका गुडघ्यांवर बसून मला पंख्यासारखे हलवू लागले. मी जीव तोडून वारा घालत होतो आणि बाईंच्या छातीत हवाच शिरत नव्हती.

“आईनं सांगितलं होतं ना तुम्हाला?” मुलगी रडत म्हणाली.

“त्या म्हणाल्या, नसले तर बरं...”

“ती असंच बोलते. जीव जात असला तरी ती असंच बोलेल.”

बाई वाचल्या. चार दिवसांनी त्यांची चिठ्ठी आली. आपल्यामुळे हॉटेलात गोंधळ झाला, म्हणून त्यांनीच माफी मागितली होती. ती वाचून काका मोरीपाशी गेले आणि भांडी घासायला बसले. त्यानंतर वाढायला त्यांनी मला कधी उचलले नाही. मालकांनी समजूत घातली, तरी ते भांडीच घासत राहिले.

मित्रांनो, परक्या मुलखातला पाहुणा हळू बोलला, म्हणून त्याचे म्हणणे हलके समजू नका. “आवडत नाही की चालत नाही?” एवढे विचारा. हात जोडता येत नाहीत मला, पण विनवतो. उत्तर मिळेपर्यंत वाढू नका.