बाबांचं तिकीट

फांदी हातात असेपर्यंत जिवंत माणसाशी अवाक्षर बोलायचं नाही. बोललं की मेलेला माणूस तिथेच रस्त्यावर राहतो. आणि हे काम दिलं कुणाला? मला! जिच्या तोंडाला अख्खं झुंगू घराणं टरकून असतं, तिला.

बाबा जोहान्सबर्गच्या खाणीत मेले, तिकडेच पुरले गेले. रानबोरीच्या काटेरी फांदीवर त्यांचा जीव बसवून मी उलुंडीला, घरी आणत होते. बरोबर आलेल्या भावाने टॅक्सीत त्यांची वेगळी सीट घेतली होती. ड्रायव्हरने मुकाट भाडं घेतलं आणि तिथे कुणाला बसू दिलं नाही. वाटभर मी बाबांना सांगत होते, हा पूल आला, ही नदी आली. मेलेल्याशी बोलायला मुभा असते.

आमचं घर तिथे आमच्या राजाच्या जुन्या राजधानीला लागूनच होतं. १८७९ साली इंग्रजांनी राजधानी जाळली, त्यात आमची झोपडीही गेली. आतली जमीन भाजून विटेसारखी झाली. त्याच जमिनीवर आमच्या लोकांनी पुन्हा झोपडी उभी केली. जाळणाऱ्यांनी निदान जमीन तरी सोडली होती. परवा परवा एका लॉजवाल्याने आम्हाला हाकललं, कुंपण घातलं आणि वर पाटी लावली, ‘राजेशाही मुक्काम’. कसला राजा आणि कसलं काय!

फाटकावर रखवालदार होता. आत जायला तिकीट लागेल म्हणाला. माझा भाऊ म्लुंगिसी जन्माचा मेंगळट. खिसा चाचपत विचारतो, दोन काढू की तीन? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण मी फांदीकडे तोंड केलं आणि आवाज चढवला.

“बाबा, आपल्या दारात आलोय. तुमचा लेक तुमच्याच घराचं तिकीट काढतोय, लाज नाही मेल्याला. आणि हा टोपीवाला ओळखलात का? म्बाथांचा. याचा बाप आणि तुम्ही एकाच कुरणात गुरं राखलीत. पोटासाठी चाकरी करतो, करू दे. पण तुम्हाला अडवतोय, तेवढं बघून ठेवा.”

रखवालदाराचा चेहरा उतरला. मावशी, नोकरी जाईल माझी, असं पुटपुटला. मी बाबांनाच सांगितलं की आपल्याला काही घाई नाही. मागे पर्यटकांच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. शेवटी त्याने टोपी काढली, आडवा दांडा उचलला आणि फांदीला म्हणाला, “या, झुंगू.”

आत आमच्या झोपडीच्या जागेवर बार होता. भाजलेल्या जमिनीवर चकचकीत फरशी घातली होती. मागच्या भिंतीशी, जिथे आमचे पूर्वज बसतात, तिथे बिअरचा फ्रीज. ओल्या चड्ड्या घालून पाहुणे पीत बसले होते. म्लुंगिसीला रडू फुटलं. परत नेऊ या बाबांना, म्हणाला.

का म्हणून परत न्यायचं? मी थेट काउंटरच्या मागे शिरले आणि फांदी फ्रीजपुढे ठेवली. बाबा, पोहोचलो, म्हटलं, हेच आपलं घर.

मॅनेजर धावत आला. हा कचरा इथून उचला, म्हणून ओरडला.

आता फांदी माझ्या हातात नव्हती. “माझा बाप आहे तो,” मी म्हटलं. “हिंमत असेल तर तू उचल.”

त्याने वेटरांना हुकूम सोडला. सगळे आमच्याकडचेच. एकही जण जागचा हलला नाही. पाहुण्यांनी बिअर मागितली, पण फ्रीजलाही कुणी हात लावेना.