बागबाजारातली तीन नंबरची ट्रंक

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे, मित्रांनो. नागपूरच्या एका कारागिराने मला घडवले. माझे मालक श्यामकांतराव केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांच्या तीन बदल्या मी पाहिल्या. माझ्यावर पांढऱ्या रंगात ‘३’ हा आकडा आहे, कारण प्रत्येक स्टेशनावर ते सामानाचे नग मोजून घेत. माझ्या मजबुतीचे तेव्हा फार कौतुक होई.

१९७१ साली आम्ही कलकत्त्याला आलो. बागबाजारात, दुसऱ्या मजल्यावर. मागे तागाचे गोदाम होते. फाल्गुनात तिथे किरकोळ आग लागली आणि विझलीही. श्यामकांतरावांच्या पत्नी प्रेमलताबाईंनी त्याच आठवड्यात ठरवले, घराबाहेर पडण्याचा सराव करायचा.

रविवारी सकाळी आम्हा नऊही नगांना रस्त्यावर उतरवले. श्यामकांतरावांनी सवयीने मोजले. “नऊ. सगळं आलं!”

“बाबा, आजी?” दहा वर्षांच्या लीनाने विचारले.

वर गॅलरीत श्यामकांतरावांच्या आई, कालिंदीबाई, उभ्या होत्या. “माझं तिकीट काढायचं राहिलं वाटतं, श्याम?”

सगळे हसले. प्रेमलताबाई हसल्या नाहीत. सासूबाईंचे गुडघे धरलेले. जिना उतरायला त्यांना बारा मिनिटे लागत. त्या दिवसापासून सामान सरावातून वगळले. कालिंदीबाई पायरीवर बसून सरकत उतरू लागल्या. लीना पुढे, प्रेमलताबाई मागे. दर रविवारी, घड्याळ लावून. बाराची पाच मिनिटे झाली. मला कोणी हात लावेना. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

वैशाखात एका दुपारी गोदाम पेटले. श्यामकांतराव कचेरीत होते. प्रेमलताबाईंनी स्टोव्ह विझवला, तिघींच्या नाकाला ओले पंचे बांधले. कालिंदीबाई माझ्यापाशी थबकल्या.

“अगं, ट्रंकेत माझा लग्नातला शालू आहे. एकदाच उघडते.”

“असू दे तो. चला.”

“त्यांनी स्वतः आणला होता गं...”

“चला म्हणते ना, सासूबाई!”

असा आवाज त्या घरात कधी कोणी ऐकला नव्हता. दार बंद झाले. जिन्यात लीना पायऱ्या मोजत होती. आवाज दूर गेला. मग मागच्या खिडकीच्या काचा फुटल्या आणि खोली धुराने भरली.

संध्याकाळी बंबवाले गेल्यावर सगळे वर आले. माझे झाकण वाकले होते. कालिंदीबाईंनी करपलेला शालू बाहेर काढला, बराच वेळ मांडीवर ठेवला.

“बरं झालं ओरडलीस,” त्या सुनेला म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी असा बेत आखाल तेव्हा सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसापासून सुरुवात करा. सराव करा, चुका, पुन्हा करा. आणि धूर दिसला की आमच्यासाठी मागे वळू नका. सामानाला थांबता येते.