काकूंचा हसरा फोटो

बातम्यांच्या वेबसाइटवर तिचं काम तसं एवढंसंच होतं. कुणी बातमीची लिंक पाठवली की फोनवर एक चौकोन उमटतो, वर फोटो आणि खाली एक ओळ. तो चौकोन ती बनवायची. आत बातमी काहीही असो, चौकोनात वेगळा फोटो, वेगळी ओळ देता येते. ऑफिसात सगळे तिला चौकोनबाई म्हणत. तीही ते हसण्यावारी नेई.

त्या सकाळी संपादकांनी पाळणाघराची बातमी तिच्याकडे सरकवली. एका चिमुकलीचा हात गरम पाण्याने भाजला होता. चौकशीत निघालं की घरून आलेल्या थर्मासचं झाकणच सैल होतं. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंची काडीचीही चूक नव्हती. बातमीचा मथळाही तसाच सरळ होता.

त्या बाईंना ती काकू म्हणायची. तिची स्वतःची मुलगी तीन वर्षं त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढत होती.

"असं बाहेर गेलं तर कुत्रं विचारणार नाही," संपादक म्हणाले. "आत राहू दे निर्दोष. चौकोनात लिही, 'चिमुकली भाजली, पाळणाघरात घडलं तरी काय?' आणि बाईंचा फोटो लाव."

"फोटो नाहीये, सर."

"तुझी पोर तिथेच असते ना? बघ फोनमध्ये."

गेल्याच महिन्यात ऑफिसातल्या दोघांना घरी बसवलं होतं. ओठांवर आलेलं 'नको' तिने गिळलं. फोनमध्ये वाढदिवसाचा फोटो सापडला. काकू लेकीला कडेवर घेऊन खळखळून हसत होत्या. तिने लेकीला कापून काढलं आणि काकूंना ठेवलं.

दुपारपर्यंत तो चौकोन घराघरांत पोचला. लिंक उघडून वाचण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही. पोर भाजलं आणि ही बया दात काढतेय, असं जो तो लिहीत सुटला. तिच्या सासूबाईंनीसुद्धा तिलाच तो पाठवला, खाली लिहिलं, "पोरीला आत्ताच्या आत्ता घेऊन ये."

संध्याकाळी ती गेली तेव्हा पाळणाघरात तिची लेक एकटीच उरली होती. काकू तिची वेणी घालत होत्या.

"हा फोटो फक्त तुझ्याकडे होता," मान वर न करता काकू म्हणाल्या.

"काकू, आत सगळं खरं लिहिलंय. तुम्ही निर्दोष आहात असं..."

"आत कोण जातंय, बाई?" त्यांनी रिबन बांधली. "हिला कापताना हात थरथरला असेल ना तुझा? कडेला माझा खांदाही गेलाय."

दुसऱ्या दिवशी तिने कुणाला न विचारता चौकोन बदलला. नवी ओळ स्वच्छ होती, फोटो नुसत्या इमारतीचा. पण लोकांच्या फोनवर गेलेला जुना चौकोन तिच्या हातात राहिला नव्हता. तो फिरतच राहिला. संपादकांनी मात्र वाचकसंख्या बघून तिची पाठ थोपटली. पंधरवड्यात काकूंनी पाळणाघराला कुलूप लावलं आणि त्या बहिणीकडे निघून गेल्या. तिचा फोन त्यांनी उचलला नाही.

नव्या पाळणाघरातल्या बाईंनी अर्ज भरून घेताना विचारलं, "आधी कुठे ठेवत होता हिला?"

लेक तोंड उघडणार, एवढ्यात तिने तिचा हात दाबला.

"घरीच," ती म्हणाली.