खर्जाचा माईक

“आणखी एक डाव छेडा, काकाजी,” सत्यभामा म्हणाली आणि माणसाहून उंच अशा त्या वाद्याला तिने कान लावला.

गुणाकररावांनी डबल बेसची सगळ्यात जाड तार ओढली. लाकूड तिच्या गालाशी थरारलं. पण दहा पावलं मागे सरून ऐकलं, तर मैदानाकडेच्या सायकलींच्या घंट्याच तेवढ्या ऐकू येत होत्या.

बालाघाट गावात माईक लावणारी ती एकटीच बाई. नवरा शालिकराम काविळीने गेला, तेव्हा दोन भोंगे, आवाज वाढवणारी एक मशीन, तीन माईक आणि गावाचे टोमणे तिच्या वाट्याला आले. मागच्या महिन्यात वारासिवनीच्या लग्नात माईकने शिटी मारली. व्याही भर मांडवात म्हणाले, “बाईच्या हातची मशीन, असंच होईन!” त्यानंतर ठरलेली दोन लग्नं हातची गेली. आज शाळेच्या मदतीसाठी नागपूरचा ऑर्केस्ट्रा आला होता. तीन वाजता कार्यक्रम, आणि अर्धं गाव लोटणार होतं.

ऑर्केस्ट्राचा मालक नंदकिशोर घड्याळ पाहत आला. “बाई, त्या कपाटामागं काहून लागल्या तुम्ही? त्याचा आवाज कोणाले येत नाही. पुढच्या महिन्यात विजेवरचा गिटार येऊन राह्यला. वाजवणारा बी पाहून ठेवला मी.”

गुणाकरराव शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घालून वाद्यावरची धूळ पुसली. साठी उलटलेला माणूस. बावीस वर्षं हेच वाद्य वाजवत आलेला. नंदकिशोर गेल्यावर ते हळूच म्हणाले, “ऐकू गेलं तर नाही काढणार तो मले. एवढं करा, बाई.”

तिने वाद्यासमोर माईक उभा केला. भोंग्यांतून नुसती बोटांची खरखर आली. भोंग्याला खर्ज पेलत नाही, हे शालिकराम नेहमी सांगायचा. बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजचा लाकडी खोक्यातला मोठा स्पीकर त्याने घरी आणून ठेवला होता. सत्यभामा रिक्षा करून गेली आणि तो घेऊन आली. स्टेजवर ठेवून तिने बटण फिरवलं मात्र, ‘घूंऽऽ’ करून सगळं स्टेज हादरलं.

“बंद करा!” नंदकिशोर धावत आला. “कार्यक्रमात असं झालं ना, तर आमचं तोंड काळं होईन अन् तुमचं बी!”

“नाही होणार,” ती म्हणाली.

खोक्याचा आवाज वाद्याच्या पोटात शिरतोय, तोच परत माईकमध्ये येतोय, हे तिच्या ध्यानात आलं. तिने खोका स्टेजखाली उतरवून लोकांकडे तोंड करून ठेवला. माईक स्टँडवरून काढला, पंच्यात गुंडाळला आणि तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात तिच्या दोन पायांमध्ये दाबून बसवला. पावणेतीन झाले होते. तिने बटण फिरवलं.

“छेडा.”

मैदानावर जमिनीलगत एक गोल, जाड सूर चालत गेला. दूरच्या चहावाल्यानेही मान वळवली.

पहिलं गाणं सुरेख झालं. लोकांचे पाय ठेका धरू लागले. नंदकिशोरने चकित होऊन मागे पाहिलं, तेव्हा गुणाकरराव लहान मुलासारखे हसत होते.

दुसरं गाणं द्रुत होतं. त्यात एक सूर घसरला. मग आणखी एक. व्हायोलिनवाल्याने वळून पाहिलं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. सत्यभामाची नजर गुणाकररावांच्या डाव्या हातावर गेली. सांधे सुजलेले होते. बोट केसभर अलीकडेच पडत होतं. आजवर ते सगळं ढोलकीखाली झाकून जात होतं. आता तिच्या माईकने ते अख्ख्या मैदानाला ऐकवलं होतं.

तिने बटणावर हात नेला. अर्धा फेरा मागे, की कुणाला काही कळणार नाही. गुणाकररावांनी तिचा हात पाहिला आणि मान हलवली. नाही.

मग त्यांनी मधले सूर सोडून दिले. ठेक्याच्या प्रत्येक फेरीच्या आरंभी एकच सूर. बोट आधी नीट टेकवायचं, मगच तार ओढायची. घाम मानेवरून उतरत होता. पुढची नऊ गाणी त्यांनी तशीच काढली. एकही सूर चुकला नाही, आणि माईकही एकदाही ओरडला नाही.

पडदा पडल्यावर नंदकिशोर आला. “काकाजी, मस्त येत होतं. गिटारचं पाहू मंग, दोन-चार महिन्यांनी.”

“नाही, नंदू. बोलाव त्या गिटारवाल्या पोराले.”

“काहून?”

“मी आज मले ऐकलं ना.”

सत्यभामा घोडीतला माईक सोडवायला आली. “माह्यामुळंच झालं, काकाजी. उगाच लावला मी माईक.”

“हौ, तुमच्यामुळंच,” ते म्हणाले. “बावीस वर्षांत कोणी एवढा कान लावला नव्हता.”

संध्याकाळी ऑर्केस्ट्राची बस निघायला झाली. क्लीनर वाद्य टपावर बांधायला निघाला, तर गुणाकररावांनी त्याच्या हातून दोर घेतला आणि स्वतःच शिडी चढले. गाठ बसेना. ते सोडून पुन्हा बांधत राहिले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

“थांब ना बाप्पा!” सत्यभामा ओरडली आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली.

बस थांबून राहिली. गुणाकरराव तिसरी गाठ बांधत होते.