सातव्या फळीवरचा नावाडी

मी शर्यतीच्या लांब नौकेतली एक जुनी फळी आहे. मेकाँगकाठच्या आमच्या गावाने देवळामागचा वृक्ष पूजा करून तोडला, त्याची नौका कोरली आणि उरलेल्या लाकडातून मला तासून सातव्या जागी बसवले. मित्रांनो, नाळेला, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाला, फुले वाहतात, वल्ही रंगवतात. फळीला कोणी विचारत नाही. तरीही माणसाच्या देहाविषयी मला जे कळते, ते वल्ह्याला कळणे शक्य नाही.

त्या वर्षी माझ्यावर बावीस वर्षांचा सीसवात बसू लागला. दिवसभर मोबाइलच्या दुकानात बैठक. जेवायला पाकिटातल्या शेवया, नाहीतर चिकट भात आणि तिखटजाळ भाजलेले मांस. भाजी नाही, सरावात मध्येच उतरावे लागू नये म्हणून पाणीही नाही. तिसऱ्या आठवड्यात तो एका मांडीवर कलून बसू लागला.

"नवरदेवाला उशी आणू का रे?" मागून फोनसाय म्हणाला.

"तू तुझं वल्हं सांभाळ."

सुकाणूवरचे खामफुई मामा हसले नाहीत. "शर्यतीला दोन महिने आहेत. असाच कलत राहिलास तर नाव वाकडी जाईल. मग तुझ्या जागी दुसरा."

सरावाच्या पहिल्या दिवशी आपण नाळ ओलांडून चढलो म्हणून नौकेची देवता कोपली, असे सीसवातने ठरवले आणि तो रोज पहाटे मेणबत्त्या लावू लागला. मला हे मत मान्य नव्हते. चाळीस जणांच्या नौकेत देवतेचा कोप एकाच्याच वाट्याला, तोही शौचाच्या वेळी, का यावा?

नावाड्यांचा स्वयंपाक करणाऱ्या मणिवन मावशींनी त्याला काठावर गाठले. "शौचाला रक्त पडतं?"

त्याने मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिले. "पडतं."

"मग देवीला कशाला मध्ये ओढतोस? दवाखान्यात चल."

"पोरांना कळलं तर, मावशी?"

"मी कशाला सांगू? सगळ्यांनाच पाला खायला घालते. एकट्या तुझी बोंब होणार नाही."

दवाखान्यातल्या बाईंनी तपासून मूळव्याध असल्याचे सांगितले. मलम दिले आणि बजावले : चोथ्याचे अन्न नाही, पाणी नाही, त्यामुळे मळ कडक होतो आणि कुंथावे लागते. त्या दिवसापासून साऱ्या पंगतीला पाण्यात वाढणारी नाळीची पालेभाजी, बांबूचे कोंब, पपई आणि भरपूर पाणी मिळू लागले. फोनसाय कुरकुरला, पण दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागला. महिन्याभरात सीसवातचा भार माझ्या मधोमध आला.

शर्यतीत शेवटच्या पल्ल्यात शेजारच्या गावाची नौका अर्धी नाळ पुढे होती. मामांनी हाक दिली. माझ्यावरचा देह तसूभरही ढळला नाही. आम्ही एका वल्ह्याच्या अंतराने जिंकलो!

मित्रांनो, तरुणपण म्हणजे पोटाला मिळालेली सूट नव्हे. पानात हिरवे असू द्या, पाणी टाळू नका. रक्त दिसले तर लाज न धरता दाखवून या. त्या सायंकाळी सारे नावाडी काठावर नाचत होते. सीसवात मात्र रिकाम्या नौकेत, माझ्यावर, कितीतरी वेळ नुसता सुखाने बसून राहिला.