डब्याचा कौल

चार वाजायला अजून अवकाश होता, तरी चपला-बुटांची रांग दारातून बाहेर फुटपाथवर गेली होती. दिवाणखान्यातल्या खुर्च्या भरल्या, मग सतरंजी भरली, मग जिन्याच्या पायऱ्याही. सगळ्यांच्या माना वर होत्या. जिन्याच्या वळणावर छताला ताटलीएवढा पांढरा डबा चिकटवलेला होता आणि त्याच्या मधोमध एक निळा दिवा. पाच महिन्यांपूर्वी वारलेला घरमालक त्या दिव्यातून बोलतो, असा गल्लीभर बोभाटा झाला होता.

लेक सकाळच्या गाडीने आली होती आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. परगावी एका प्रकाशकाकडे ती मुद्रितं तपासायची. आई फोनवर एवढंच म्हणाली होती की गुरुवारी चार माणसं येतात, जीव रमतो. चाराची चाळीस निघाली. आई दारात उभी राहून येणाऱ्याला पाण्याचा पेला देत होती आणि पेल्याबरोबर वायफायच्या पासवर्डची चिठ्ठी. ही या घराची जुनीच पद्धत होती. आलेला माणूस तहानलेलाही राहू नये आणि त्याचा फोनही.

मधल्या खुर्चीतल्या गृहस्थांना सगळे तारवाले म्हणत. ते स्वतःच सांगत, मी बाबा नाही, महाराज नाही, मी नुसती तार. तिकडचं इकडे पोचवतो. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आवाज लोण्यात बुडवून काढलेला. शेजारी त्यांची मेव्हणी, नोंदीवाल्या बाई. बैठकीची नोंद ठेवायला मांडीवर फोन घेऊन बसलेल्या.

“आत्मा म्हणजे काय? लहर,” तारवाले म्हणाले. “लहरीला भिंत अडवत नाही, अंतर अडवत नाही, मरणही अडवत नाही. साहेब, आलात का?”

चार-पाच क्षण गेले. मग निळा दिवा लुकलुकू लागला, आणि सतरंजीवरून एक मोठा सुस्कारा उठला.

दिवा लुकलुकला तर होकार, स्थिर राहिला तर नकार. बेकरीवाल्याने नवी भट्टी घ्यावी का म्हणून विचारलं, त्याला होकार मिळाला. निवृत्त ग्रंथपालांनी मुलगा परत येईल का म्हणून विचारलं, त्यांना नकार मिळाला. बस चुकल्याचं कळावं तशी मान हलवून ते खाली बसले.

स्वयंपाकघराच्या दाराला टेकलेल्या लेकीला हसू येत होतं, आणि हसू येतंय म्हणून रागही. लहरीला भिंत अडवत नसती तर बाबांनी वायफायचे असले तीन डबे कशाला बसवले असते? बाबा टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. आई लेकीशी फोनवर बोलत स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत गेली की जाड भिंतीपाशी बोलणं तुटायचं. म्हणून त्यांनी स्वतः शिडी लावली, भिंतींना भोकं पाडून वायर ओढली, आणि एक डबा दिवाणखान्यात, एक जिन्यावर, एक मागच्या खोलीत बसवला. तिन्हींचं नाव एकच ठेवलं, म्हणजे आई चालेल तसा तिचा फोन एका डब्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरेल. बायकोला घरभर फिरत लेकीशी बोलता यावं, एवढीच त्यामागची सगळी अध्यात्मविद्या.

तेवढ्यात आई उठली. “माझ्या गाठीचं परत विचारा ना.”

लेकीला गाठ माहीत नव्हती. खोलीतल्या चाळीस माणसांत माहीत नसलेली ती एकटीच होती, हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

“माई, सहा गुरुवार विचारलंत,” तारवाले मायेने म्हणाले. “पण विचारू. साहेब, माईंनी ऑपरेशन करून घ्यावं का?”

दिवा स्थिर राहिला. “कसे हो म्हणतील?” शिवणवाल्या शेजारीणबाई हळहळल्या. “ते स्वतः त्या टेबलावरून उठले नाहीत.” त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

लोक गेल्यावर लेकीने आईला कपाटातून दवाखान्याचा कागद काढायला लावला. डॉक्टरीणबाईंनी त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की गाठ कर्करोगाची आहे, लहान आहे, दोन आठवड्यांच्या आत काढावी. कागद सात आठवड्यांपूर्वीचा होता. लेक बोलली, रडली, हातापाया पडली. आई एकच सांगत राहिली, त्यांनी नाही म्हटलंय. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. हा पहिलाच नकार, तो तिला मोडवेना.

मुद्रितं तपासणाऱ्याच्या डोळ्याला एक खोड असते. ओळ वाचताना तो दोन शब्दांमधली जागाही बघतो. प्रत्येक होकाराआधी तेवढेच चार-पाच क्षण जात होते. मेलेला माणूस विचार करत असेल, तर दर वेळी मोजून तेवढाच कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांचा जुना लॅपटॉप उघडला. तिन्ही डब्यांचा कारभार एका पानावरून चालतो. त्या पानाने पासवर्ड मागितला, तिने चिठ्ठीवरचाच टाकला, आणि पान उघडलं. तिने कपाळावर हात मारला. आईला दुसरा लक्षात राहणार नाही म्हणून बाबांनी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला होता. म्हणजे पाहुण्याला पाण्याबरोबर फाटकाची किल्ली देता देता आई तिजोरीचीही देत होती.

पानावर प्रत्येक डब्यापुढे एक बटण होतं, ‘शोधा’. ते दाबलं की त्या डब्याचा दिवा थोडा वेळ लुकलुकतो. सारखे दिसणारे पाच-सहा डबे लावले तर कोणता कुठला हे कळावं म्हणून केलेली सोय. हुकूम पोचायला चार-पाच क्षण लागतात. खाली हुकमांची यादी होती, वार, वेळ आणि कोणत्या फोनवरून, अशी. सगळे गुरुवार, सगळे चार ते पाचच्या दरम्यान, सगळे एकाच फोनवरून; आणि तो फोन ज्या नावाने नोंदला होता ते नोंदीवाल्या बाईंचं होतं.

भट्टीचा होकार त्याच्या वेळेसकट यादीत होता. आईच्या गाठीचा प्रश्न तिने वरपासून खालपर्यंत शोधला. तो कुठेच नव्हता. असणार कसा? नकार द्यायला कुणाला काही दाबावंच लागत नव्हतं. सात वेळा आईने जीव मुठीत धरून विचारलं, आणि सातही वेळा कुणी बोटसुद्धा हलवलं नव्हतं.

आईला तिने यादी दाखवली. यंत्रात काय, काहीही लिहिता येतं, आई म्हणाली, आणि तुला कधी काही पटलंय का? आठवडाभर ती बधली नाही. मग बुधवारी लेकीने कारभाराच्या पानाचा तेवढा पासवर्ड बदलला.

गुरुवारी तारवाल्यांनी साहेबांना हाक मारली. दिवा ढिम्म. पुन्हा मारली. नोंदीवाल्या बाईंचा अंगठा मांडीवर टाचणीने टोचल्यासारखा उड्या मारत होता. “आज घरात संशय शिरलाय,” तारवाले म्हणाले. “संशय म्हणजे तारेला गंज.”

“मग मी विचारते, रक्ताची तार आहे,” लेक पुढे आली. “बाबा, तारवाले खरे आहेत का?” दिवा स्थिर. “खोटे आहेत का?” स्थिर. “मी तुमची मुलगी आहे का?” स्थिर.

“नाही? मग कुणाची गं?” बेकरीवाला म्हणाला, आणि जिन्यावरचे लोक हसले. आईने मान खाली घातली. ते लेकीने पाहिलं, पण थांबली नाही. पाठीमागे धरलेल्या फोनवर तिने बोट टेकलं.

“नोंदीवाल्या बाई मघापासून मांडीवर एकच बटण दाबतायत का?”

चार-पाच क्षणांनी दिवा लुकलुकू लागला.

मग तिने फोन सगळ्यांपुढे धरला, बटण दाखवलं, यादी वाचली. तारवाल्यांचं लोणी वितळलं. माईच घाबरल्या होत्या, ते म्हणाले, मी फक्त त्यांच्या मनातलं त्यांना दिलं. “आणि माई दवाखान्यात गेल्या असत्या तर घर महिनाभर बंद राहिलं असतं,” शिवणवाल्या बाई थंडपणे म्हणाल्या. “मग तुमची गादी कुठे मांडली असती?” तारवाले चपलांच्या ढिगात आपला एक बूट बराच वेळ शोधत राहिले. कुणी मदत केली नाही. शेवटी ते एकाच बुटाने गेले, आणि त्यांची मेव्हणी चार पावलं मागून, ओळख नसल्यासारखी.

खरं वाईट पुढे झालं. शिवणवाल्या बाईंना बटण दाबून बघायचं होतं. मग बेकरीवाल्याला. फोन हातोहात फिरला. गेल्या गुरुवारी ज्या दिव्याकडे बघून लोक रडले होते, त्याला आता ते खेळवत होते. साहेब, डोळा मारा. साहेब, झोपलात काय? ग्रंथपालांनी फोन हातात घेतला, बटण न दाबताच पुढे दिला आणि घरी गेले. आई खुर्चीत बसून सगळं बघत होती. तिचा नवरा दुसऱ्यांदा मेला होता, आणि या वेळी लोक हसत होते.

घर रिकामं झाल्यावर आई म्हणाली, “आता तुझ्या हातात आहे ना? मग त्यांना हो म्हणायला लाव. मी उद्या जाते.”

फोन लेकीच्या हातात होता. एका बोटाचं काम होतं, आणि आई वाचली असती.

“मी दाबलं तर ते मी दाबलेलं असेल, आई.”

“असू दे. मला चालेल.”

“आज मी हो दाबेन. उद्या दुसरं कुणी नाही दाबेल, तेही तुला चालेल.”

“ते ऑपरेशननेच गेले,” आई म्हणाली.

हे वाक्य लेक पाच महिने गिळून बसली होती. “ऑपरेशनने नाही गेले. पोटात दुखतंय हे दोन महिने कुणाला सांगितलं नाही, म्हणून गेले. डॉक्टरांनी आपल्या दोघींना सांगितलं होतं. तू ऐकलं होतंस.”

आई उठून मागच्या खोलीत गेली. रात्री जेवली नाही. सकाळी लेक उठली तेव्हा ती कागद पर्समध्ये घालून, बूट घालून दाराशी बसली होती. लेकीकडे न बघता म्हणाली, “चल.”

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पुन्हा तपासलं, आणि त्यांचा हात आईच्या काखेपाशी बराच वेळ थांबला. गाठ आता एक नव्हती. ऑपरेशन करू, त्या म्हणाल्या, पण दोन महिन्यांपूर्वी जे खात्रीने सांगता आलं असतं ते आता सांगता येत नाही. मग पेन उघडून त्यांनी विचारलं, मधले आठ आठवडे काय केलंत?

लेक उत्तर द्यायला पुढे झाली. आईने तिला हाताने मागे सारलं.

“वायफायच्या डब्याला विचारत होते,” आई म्हणाली. “लिहा तसंच. माझ्यासारखी दुसरी कुणी आली की तिला वाचून दाखवा. तिला म्हणावं, ज्याला उलटून ‘कशावरून’ विचारता येतं, त्यालाच विचारावं बाई. तो डबा कधी कशावरून सांगत नव्हता. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, अर्धा तास, चित्र काढून.”

डॉक्टरीणबाईंनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं, आणि आईला भरती करण्यासाठी पलीकडच्या खोलीत एक खाट तयार ठेवायला सांगितली.