भिकाजीचं पान

आचऱ्याच्या गावकरांकडे पितृपक्षातल्या म्हाळाला सगळ्या पितरांची पानं वाढली जात, एका भिकाजीचं सोडून. पहिल्या महायुद्धात तो बोटीवर बॉयलरात कोळसा घालायला गेला, तो परतलाच नाही. विलायतेत मडमेशी संसार थाटला म्हणे! कोणीतरी बोललं आणि गावाने पक्कं केलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलगा हरिश्चंद्र पन्नाशीला आला तरी ‘पळपुट्याचो झील’च राहिला. “जित्या माणसाक पान कसला?” म्हणून तो विषय मिटवी.

त्याची मुलगी सुगंधा शाळामास्तरीण आणि हट्टी. दोन वर्षं तिने मुंबईच्या बोटकंपन्यांच्या कचेऱ्यांना पत्रं लिहिली. एकोणीसशे एकोणसाठच्या भाद्रपदात एकदाचं उत्तर आलं: बोट बुडाली, वाचलेल्यांत विजयदुर्गचा लवू होता. भिकाजीबद्दल अक्षर नाही. तिने तळेऱ्याला गाडी बदलली आणि विजयदुर्ग गाठलं.

लवूकडे नेमका म्हाळ होता. म्हातारा सुनेला पानं दाखवत होता, “ह्या बापाशीचा, ह्या काकाचा, आणि ह्या आचऱ्याच्या भिकाजीचा.”

सुगंधा दारातच थबकली. “ते माझे आजोबा.”

लवूने तिला आधी बसवलं, मग सांगितलं. “बोटीत पाणी भरला. मी अठरा वर्सांचो, घाबारलंय. तुझ्या आज्यान माका शिडयेर ढकलल्यान आणि तो परत खाली गेलो, आमच्यातलो शंकर खाली रवलो म्हणान. दोघंय वर इले नाय.”

“घरी का नाही कळवलंत?”

“कचेरीन कळवल्यान आसतला, असा वाटला. तुमी वाढतासच, ह्या आपला माझ्या घरचा एक.”

तिला मान वर करवेना. असा माणूस घराण्यात जन्मावा, आणि परक्याने त्याला बेचाळीस वर्षं जेवू घालावं!

घरी तिने सगळं सांगितलं. हरिश्चंद्र म्हणाला, “सगळ्यांक वाढलंय, आणि बापाशीक उपाशी ठेवलंय.” आणि पोरासारखा रडला.

अमावास्येच्या म्हाळाला तो स्वतः जाऊन लवूला घेऊन आला. अख्खी वाडी बोलावली होती, जिभा उचलणारेसुद्धा. पहिलं पान भिकाजीचं. हरिश्चंद्राने लवूला त्यावर बसायची विनंती केली, पण म्हातारा शेजारी सरकला.

“त्येच्या पानार मी नाय.” मग रिकाम्या पाटाकडे वळून त्याने हात जोडले. “भिकाजीदादा, आता झिलाच्या हातचा जेव रे.”